केसभर उथळ

हिगाशी-ओसाकात, चौथ्या मजल्यावर
कुरामोची फुजिए अठ्ठावीस वर्षं
एकच बटण दाबते आहे.

तसं यंत्रच दाबतं, रबरी बोटानं,
वीस लाख वेळा.
ती फक्त ऐकते :
टक् चं टप् कधी होतं ते.

वर बैठक चालू आहे.
एका डब्यामागे तीन हजार येनची खोट,
हा आतबट्ट्याचा धंदा किती दिवस?
नुसते खेळ करू, म्हणाले म्हणे हिसामात्सुसान,
चालू देत दुसऱ्यांच्या यंत्रांवर.
गोदाम नको, ट्रक नको, परत आलेली खोकी नकोत.
हिशेब चोख आहे. तिनेही मांडून पाहिला
वीजबिलाच्या पाठीवर. तेवढाच येतो.

फक्त एक गोष्ट कुठल्या रकान्यात घालावी, कळेना.
ती नोकरीला लागली त्या वर्षी
खेळातला टपालवाला
ओढ्यात पडायचा. दर वेळी.
प्रोग्राम लिहिणारा पोरगा रडकुंडीला आलेला.
रात्री दीड वाजता हिने स्प्रिंग बदलली,
बटण केसभर उथळ केलं,
आणि टपालवाला पलीकडे.
पत्रं कोरडी.

आता तो कुणाच्या बटणावर उडी मारणार?
मारेलही.
भाचीचा मुलगा तर नुसत्या काचेवर खेळतो,
अंगठा न रुतता,
आणि पडत नाही.
हे तिला आवडलं नव्हतं. पाहत मात्र बसली होती
जेवण निवेपर्यंत.

जिन्यात पावलं वाजतात. बैठक सुटली असावी.
ती दाराकडे बघत नाही.
एकोणीस लाख चाळीस हजार बारा.
तेरा.