भूममधल्या खव्याच्या दुकानात

रात्री नऊला कुंडलिकशेठ अर्धं शटर ओढतात,
मी फ्रीजचं बटण बंद करते.
बोअरच्या खारट पाण्यानं स्टीलवर पांढरे डाग धरतात,
म्हणून आधी सिरका,
मग जुन्या धोतराचं मऊ फडकं,
आणि पुसायचं रेघेनंच.
स्टीलला रेघ असते, लाकडासारखी.
मला उशिरा कळलं.

दाराच्या रबरात खवा अडकतो,
तिथं दातांचा ब्रश.
मागची जाळी काढली
तर बोंडाएवढी धूळ.
बटण दाबते.
"आता कसं गप चालायलंय बगा!"
शेठ नोटा मोजतात.

खाली डाव्या कोपऱ्यात
पहिल्याच आठवड्यात तारेच्या घासणीनं
मी मारलेला ओरखडा.
गंज येतो तो तिथंच, दरसाल.
शेठ विसरले.
मी अजून
सुरुवात तिथूनच करते.