पस्तीस तारीख

लोकमान्यनगरात माझी शिकवणीची खोली.
फरश्या तीस. मोजून घेतल्यात,
गुडघ्यांवर बसून, खडू पाण्यात बुडवून
एकेकीवर आकडा घालताना.

पाढ्यांना अजून अवकाश आहे.
आधी पाय, मग जीभ, अशी माझी रीत.
दोन फरश्या कुजबुजत ओलांडायच्या,
तिसरीवर मोठ्यांदा:
एक, दोन, तीन!
चार, पाच, सहा!
कुशाग्र ‘छे’ म्हणून ओरडतो,
पण पाय बरोबर सहावर पडलेला असतो,
मग मी कशाला बोलू?

शाल्मलीला मधल्या आकड्यांची काळजी.
‘मावशी, त्यांचं नाव मोठ्यानं का नाही घ्यायचं?
त्यांनी काय केलंय?’
चारवरून जाताना ती चवड्यावर चालते,
झोपलेल्या बाळाच्या अंगावरची चादर
चुकून ओढली जाऊ नये, तशी.

शरयू गव्हाणे दोनातच अडखळते.
पाचात तर भिंतीला टेकून उभीच राहते.
आणि परवा, दप्तराचा पट्टा चावता चावता,
कोणी विचारलं नसताना:
सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस.

कुणी शिकवलं गं?
‘कोणीच नाही. पप्पा येऊन राहिले ना.’
पप्पा सेंधव्याचा घाट उतरून धुळ्याला माल नेतात,
रविवारी घरी.
या महिन्यात रविवार सातावर पडलाय.
किराणावाल्याच्या कॅलेंडरवर
तिचं बोट एकाच रांगेतून खाली येतं,
बाकीच्या सहा रांगा
तिच्यासाठी कुजबुजच.

‘मग अठ्ठावीसच्या पुढे?’
‘चार.’

सगळी हसली. कुशाग्र तर लोळलाच.
मीही तोंड उघडलं होतं पस्तीस म्हणायला,
आणि तसंच राहिलं ते.
महिना एकतीसचा.
पदराआड पेरांवर मोजून पाहिलं.
चार. चारच.
माझ्या आधी पोरीनं पान उलटलं होतं.

आता हिला कसं सांगू
की पस्तीस असतं,
फक्त त्या तारखेला कोणी घरी येत नाही?

माझ्या फरश्याही तिसाशीच संपतात.
खडू उचलला, उंबरा ओलांडला,
बाहेरच्या ओसरीवर एकतीस, बत्तीस…
पस्तीस आलं ते नेमकं चपलांच्या ढिगात.
दोन जोड बाजूला सारून लिहिलं.

शरयू अनवाणीच आली,
सहा ठिकाणी ओठ हलवत,
आणि चपलांच्या मधोमध उभी राहून म्हणाली,
पस्तीस.
मोठ्यांदा नाही. जरा विचारल्यासारखं.

मग तिनं जिन्याकडे पाहिलं.
‘आणि पुढचं?’

मी पायऱ्या मोजायला लागले.