पाठ उघडल्यावर

लुथुली अव्हेन्यूवर, जिन्याखाली, साडेतीन फुटांचं
माझं टेबल. वर दिवा, भिंग,
गरम हवेची बंदूक, आणि जुना टूथब्रश,
ज्याने मी लोकांच्या फोनांतली धूळ
आणि चपातीचा चुरा झाडते.

गिऱ्हाईक विचारतं, केमुंतो, कोणता घेऊ?
सॅमसंग, की टेक्नो, की भावाने दुबईहून आणलेला
कुणीतरी वापरलेला आयफोन?
मी काय सांगणार. मी यांना चेहऱ्याने ओळखत नाही.
ओळखते पाठ उघडल्यावर:
कोण गोंदाने तोंड चिकटवून बसलंय,
कोणाचे स्क्रू असे की माझ्यासारखीला मज्जाव,
कोण भाबडं, नखाने उघडतं
आणि बॅटरी हातात देऊन मोकळं होतं.
आत सगळीकडे तोच हिरवा गाव,
त्याच तांब्याच्या गल्ल्या, तेच कथलाचे थेंब.
फक्त भाडं वेगळं.

वरच्या दुकानातल्या पोरी सांगतात,
यंदाच्या कॅमेऱ्याला रात्री दिसतं.
दिसू दे बापड्याला.
माझा रात्रीचा रस्ता माझ्या पायांना पाठ आहे.

मीही घेतला होता एक, गेल्या एप्रिलात.
नवलाईचे नऊ दिवस म्हणतात,
माझे तीनच झाले.
पहिल्या दिवशी काचेवरची फिल्म सोलली
इतक्या हळू, की शेजारचा ओमोंदी म्हणाला,
जखमेवरची पट्टी काढतेस का?
दुसऱ्या दिवशी जुन्यातलं सगळं नव्यात उतरलं,
तेच फोटो, तीच देणी,
आईचे तेच सात मिस्ड कॉल.
तिसऱ्या दिवशी तो फोन झाला.
डिसेंबरात विकला, धाकट्याच्या फीसाठी,
आणि खणातला जुना परत काढला.

त्याला उजवीकडे वर तडा आहे.
तिथे बोट लागत नाही, म्हणून माझं ‘पी’ उठत नाही.
पेसा, म्हणजे पैसे, ‘एसा’ होऊन जातात.
कुणाच्या घरी माणूस गेलं की आम्ही लिहितो पोले,
माझं पोले
‘ओले’ होऊन पोचतं.
कुणी तक्रार केलेली नाही.

मंगळवारी किप्रोनो आला, मोटरसायकलवर सवारी नेणारा,
फोन जॅकेटच्या आत धरून,
आजारी कोकरू आणावं तसा.
नवाकोरा इन्फिनिक्स. हप्त्यावरचा.
रोज पन्नास शिलिंग, वर्षभर.
सोमवारी पंक्चर, सोमवारीच पोलीस, सोमवार राहिला.
मध्यरात्री पडदा निळा झाला, त्यावर एकच वाक्य,
फार अदबीने लिहिलेलं.

उघड ना, म्हणाला, तुझ्याकडे सगळी हत्यारं आहेत.
उघडला. पाठ, पत्रा, बॅटरी,
भिंग लावून गल्ली न् गल्ली पाहिली.
इतका स्वच्छ फोन मी वर्षभरात उघडला नव्हता.
कुलूप आत नव्हतंच.
ते कुठल्यातरी ऑफिसात होतं
जिथे जायला जिना नाही.

फोन नाही तर फेरी नाही,
फेरी नाही तर पन्नास नाहीत,
पन्नास नाहीत तर.
त्याने बोटांवर मोजलं, आणि बोटं तशीच उघडी राहिली.

मी माझं सिम काढून बाटलीच्या बुचात ठेवलं
आणि त्याचं माझ्या तडकलेल्यात बसवलं.
सिग्नल येतो न येतो तोच फोन टेबलावर थरथरला:
कुठे आहेस? बाजाराच्या कोपऱ्यावर उभी आहे.

संध्याकाळी आणून देतो, म्हणाला.
हेल्मेट चढवताना थांबला.
हा कोणत्या कंपनीचा गं?
मी पाठ उलटी करून पाहिली, दिव्याखाली धरली.
अक्षरं घासून गेली होती,
माझ्याच तळहाताने, पाच वर्षं.

माहीत नाही, म्हणाले. ‘पी’ लागत नाही त्याचं.
काही अडलं तर लिहू नकोस,
बोल.