दोन पूल

नववीच्या वर्गात सव्वीस वर्षं
मी मेंदू काढला फळ्यावर.
आधी कवटीची कमान, मग आत खडूच्या वळ्या.
मुलं म्हणायची, बाई, जिलबी.
प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ.
नावांसकट आकृतीला पाच गुण,
बाण रेघेला टेकला नाही तर अर्धा कापायचे.

हिरामणरावांच्या मेंदूत गुठळी अडकली
ती उजवीकडे, कानाच्या जरा वर.
डॉक्टर सोनजे फिल्म उजेडाला धरून म्हणाले,
हा एवढा भाग.
माझ्या फळ्यावर तिथे काहीच लिहिलेलं नसायचं.
नुसती वळी,
आणि बाण पुढे निघून गेलेला.

तेव्हापासून त्यांना डावं नाही.
डोळे शाबूत, चष्म्याचा नंबर तोच,
पण ताटातली उजवी अर्धी भाकरी संपली
की अजून वाढ म्हणतात. मी ताट फिरवते.
अर्धीच मिशी कातरतात.
पांघरुणातल्या डाव्या हाताला बघून विचारतात, हा कुणाचा?
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये अडतीस वर्षं ताव तपासले या माणसाने,
केसाएवढी रेघ हुकली तरी नेमकं बोट ठेवायचा.
आता अर्धं जग छापायचं राहिलंय
आणि कुठे काही चुकलंय असं त्यांना वाटतच नाही.

भेटायला येणारे विचारतात,
गुठळी उजवीकडे, मग हात डावा कसा गेला?
जुनी सवय, मी शिकवू लागते:
द्वारका सर्कल बघितलंय ना?
तशाच या तारा मानेच्या वर एकमेकींना कापून पलीकडे जातात.
फक्त तिथे हॉर्न वाजत नाहीत.

निलोफर पिरजादे व्यायाम घ्यायला येते.
परवा म्हणाली, काका, डोळे मिटा.
होळकर पुलावर उभे आहात, तोंड रामकुंडाकडे.
काय काय दिसतं?
सुंदरनारायण, ते म्हणाले.
सराफ बाजार. बालाजी कोट.
भांडी बाजारातले ठोके ऐकू येतात म्हणाले.
मी वाट बघत राहिले.
पंचवटीत जन्मलेला माणूस,
गंगेत पोहून दप्तर भिजवणारा,
पंचवटीचं नाव नाही.

बरं, आता गाडगे महाराज पुलावर या.
तोंड वळवा, होळकर पुलाकडे.
आणि ते भडाभडा बोलू लागले:
नारोशंकराची घंटा, रामकुंड, कपालेश्वराच्या पायऱ्या,
आमच्या आळीतला हापसा,
पावशेर फुटाणे उधार देणारा गोटीराम.
सराफ बाजार मात्र गेला, बालाजी कोट गेला.
नदी तीच. मिटलेले डोळेही तेच.
मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.
म्हणजे पंचवटी होती.
सगळी होती, फुटाण्यांसकट.

सदोतीस वर्षं मी त्यांच्या डाव्या अंगाला झोपले.
उजवीकडे बसले की मी असते,
माझ्याशी बोलतात, साखर कमी झाली म्हणतात.
निलोफर सांगते, खुर्ची डावीकडेच ठेवा, वळू दे त्यांना.
म्हणून रोज सकाळी तासभर
मी नसलेल्या जागी बसते आणि हाका मारते.
ते उजव्या भिंतीला विचारतात,
रत्ना कुठे गेली?

मी डावा तळवा मांडीवर घेते,
बोटाने त्यावर रेघ ओढते.
कोपर, खांदा, मणका, तिथून वर.
दोन चेतापेशींमध्ये फट असते, मी सांगायचे,
निरोपाला ती ओलांडावी लागते.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच,
बाई, आणि मध्येच पडला तर?
पुढचा धडा घ्यायचा असायचा.

आज कागदावर गोल काढून दिला, घड्याळ भरा म्हटलं.
रोज बाराच्या बारा आकडे
उजव्या कडेला चेंगरून उभे असतात.
आज सहानंतर पेन थांबलं.
मान वळली, अगदी थोडी,
कुणी बाही ओढावी तशी.
नऊ काही जागेवर नव्हता,
साताच्या डोक्यावर बसला होता.
पण बाजू डावी होती.

लाल पेन माझ्या पर्समध्ये असतंच.
मी अर्धा गुण दिला.