साडेदहाची मॅच

मुख्य संघ दीडला उतरतो.
आम्ही साडेदहालाच हजर, दुसऱ्या फळीसाठी,
घडीच्या खुर्च्या, फ्लास्क, एक विटलेली शाल,
ईस्टव्हिल पार्कात, जिथं मोटरवेची घरघर
झाडांमागून दिवसभर येत राहते.

मैदान रग्बीवाल्यांकडून उसनं.
त्यावर रोवलेले पाइपांचे चार खांब, दोन उंच, दोन बुटके.
लांबुडका बॉल मधल्या फटीतून गेला तर सहा,
कडेच्या फटीतून गेला तर एक.
म्हणजे थोडक्यात चुकलं
तरी इथं काहीतरी पदरात पडतं.
ब्रिस्टलमधल्या माझ्या पहिल्या उन्हाळ्यात
एवढ्याच कारणासाठी मी थांबले होते.

टेरेन्स हॅलेट, निवृत्त बसड्रायव्हर,
वहीत नावं लिहीत नाही, नुसते नंबर आणि रेघा.
मॉरीन स्टिंचकोंब, जिचा मुलगा इथं खेळायचा;
तो पर्थला गेला, ही मैदानावर राहिली.
आणि मी, कोल्हापूरच्या गॅलरीत
काकाच्या मांडीवर बसून शिकलेली
की फुटबॉल बघायचा तो तोंडानं.

"लालकेश्या पळतो छान,
पण बॉल कुठं पडणार हे त्याला
आपल्या तिघांनंतर कळतं."
"बारा नंबर? सरावात वाघ, सामन्यात शेळी."
"नवा पोरगा घ्या वर. डावा पाय आहे त्याला."
"डावा पाय माझ्या सासऱ्यालाही होता."
"आणि सत्तावीस?"
इथं टेरेन्स पेन्सिल कानामागं खोचतो.
सत्तावीस म्हणजे जोएल पेनहेल,
तीन वर्षं उंबऱ्यावर,
वर कुणी आजारी पडलं की आत, बरा झाला की बाहेर.
"उडी राहिली नाही," टेरेन्स म्हणतो.
"धमकच नाही," मी म्हणते.
मीच म्हणते.

मंगळवारी तो दुकानात आला.
फिशपाँड्स रोड, बंद व्हायला दहा मिनिटं,
पँटवर सिमेंटची पांढरी भुकटी.
फरशा बसवतो, म्हणजे दिवसभर गुडघ्यांवर.
पट्टी हवी, आणि गोळ्या,
याहून कडक काही मिळतील का?
किती दिवस दुखतंय?
मार्चपासून.
डॉक्टर?
मान हलली, हो नाही आणि नाही नाही.
मग त्यानं पांढऱ्या कोटाच्या वर बघितलं.
"तुम्ही खुर्चीवाल्या ना?"
हो.
"क्लबात कुणाला..."
इथलं मी बाहेर बोलत नाही, म्हटलं. नियमच आहे.
पैसे देऊन तो दारापर्यंत गेला, तिथून परत वळला.
"कसा खेळतोय मी?"

तीन उन्हाळे माझ्याकडे याचं उत्तर होतं,
खडान्‌खडा, शनिवारच्या शनिवारी, कुणी न विचारता.
म्हटलं, गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या.
आणि डॉक्टरांना दाखव.

गुरुवारी यादी लागली. वरच्या अठरांत तो नव्हता.
शनिवारी साडेदहाला ढग, वारा आडवा,
मॉरीननं शाल माझ्याही पायांवर ओढली.
मी बॉल सोडून त्याचा उजवा पाय बघत होते:
वळताना तो आधी थांबतो, मग वळतो,
उडी मारतो ती डाव्यावरूनच.
एकदा मारली. दोघांच्या खांद्यांवरून
बॉल हातात घेतला, आणि खाली येताना
अख्ख्या पार्कात फक्त मला ऐकू आलं असावं असं काहीतरी.
उठला. चार पावलं मागं गेला. मारला.
बॉल उंच खांबाच्या बाहेरून.
अंपायरनं एकच झेंडा हलवला.

"बघ," टेरेन्स म्हणाला, "सोपा होता.
संपला हा. तुला काय वाटतं?"
वही त्यानं माझ्याकडे सरकवली, हे याआधी कधी झालं नव्हतं.
सत्तावीसच्या पुढं रेघा अगदी थोड्या, बारीक.
मी म्हटलं, एक आला ना.
"एक?"
एक. लिही.

तो माझ्याकडे बघत राहिला,
मॅच बघायचं सोडून.
मॉरीन म्हणाली, पाऊस येणार,
आणि बिस्किटं कुणी आणली नाहीत का आज?