दुभाष्याचे चाळीस युरो

अंतानानारिव्होबाहेरच्या दगडखाणीत
मी दोन भाषांच्या मध्ये उभा होतो.
दिवसाचे चाळीस युरो, जेवण वेगळं.

वुआहांगी खडी फोडत होती.
मार्लीसने विचारलं, दिवसातून किती वेळा जेवता?
मी विचारलं.
वुआहांगी म्हणाली, भात शिजला की जेवतो,
तुमच्याकडे काय घड्याळाला भूक लागते?
शेजारची लालाऊ हातोडा टाकून हसली,
मलाही हसू आलं.
मी भाषांतर केलं: कधी एकदा, कधी दोनदा.

फोटोवाला थांबला
हसणं ओसरेपर्यंत.
दगडावरचा लाल रेडिओ
त्याने पायानेच, अगदी हळू, बाजूला सारला.

मग ती बोलत राहिली.
मुलगी भूगोलात पहिली आल्याचं.
मुकादमाच्या बादलीचं:
तळ आतून ठोकून ठोकून खोल केलाय,
वीस बादल्या भरल्या की एकवीसची खडी जाते,
आणि ही एकविसावी
तो सात वर्षं खातोय.
त्याचं नाव लिहा, म्हणाली.
राझाफिमांदिंबी.
एकेक अक्षर तोडून सांगितलं,
खडी फोडावी तसं. दोनदा.
मार्लीसने लिहिलंही. मी पाहिलं,
वहीत, खाली दोन रेघा मारून.

पावसाळा सरल्यावर अंक आला.
पानभर तिचे हात. भेगा
इतक्या स्वच्छ छापलेल्या
की वाटावं नकाशा आहे, नद्यांचा.
खाली मजकूर: मूक सोशिकता,
डोळ्यांतली न विझलेली आशा,
दिवसातून कधी एकदा, कधी दोनदा.
हे शेवटचं माझं.

मी अंक घेऊन खाणीवर गेलो.
मुलीने फ्रेंच वाचून दाखवलं, अडखळत,
'सोशिकता'ला थांबून आईकडे बघत.
वुआहांगीने ऐकून घेतलं सगळं.
पान उलटलं. मागे घड्याळाची जाहिरात होती.
परत पुढे आली.

बादली कुठाय? म्हणाली.

मी जागेचं सांगितलं,
वकिलांचं सांगितलं,
संपादक नावाच्या माणसाचं सांगितलं.
पलीकडे राझाफिमांदिंबी बादल्या मोजत होता,
अठरा, एकोणीस,
मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तुला किती मिळाले रे त्या दिवसाचे?
तिने सहज विचारलं, हातोडा उचलता उचलता.

मध्ये दुसरी भाषा नव्हती.
मी म्हणालो, वीस.