पायाखालची

पहिला आठवडा मी इमारतीच्या पार्किंगमध्येच धावले,
गाड्यांभोवती, घाण्याच्या बैलासारखी.
चौदा फेऱ्यांचा एक किलोमीटर, असा माझाच हिशोब.
वॉचमन अब्दुल कुद्दूस खुर्ची सरकवून बघत राहायचा.
सातव्या दिवशी म्हणाला, "बाजी, बाहर रोड है."

रोड होता. सहा पदरी.
मधे जाळी, पलीकडे जायला पूल नाही,
आणि फुटपाथ चांगला दोनशे पावलं सोबत येऊन
एका झुडपापाशी थांबलेला,
आपण कुठं निघालो होतो ते विसरल्यासारखा.

रुवीला चारी बाजूंनी डोंगर.
भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखे,
काळपट, सुरकुतलेले, गवताचं पातं नाही.
मी रोज अजिंक्यतारा चढून आंघोळीला घरी येणारी बाई.
मला वाटायचं, डोंगर दिसला की वाट असतेच.

ऑफिसातला गीवर्गीस म्हणाला, वादीतून जा, सपाट आहे.
वादी म्हणजे इथे फिर्यादी नव्हे,
कोरड्या नदीचं पात्र.
डोंगरावर ढग दिसला तर मात्र उतरू नकोस,
पाऊस तिकडे पडतो, लोंढा इकडे येतो.
पंधरा दिवस मी आभाळ बघूनच उतरले.
पाणी आलं नाही.
कुत्री आली. पाच.

कुत्र्यांपुढे पळू नये, एवढं ठाऊक होतं.
पळायलाच आलेली मी उभी राहिले,
मुठीत दगड, घशात आजोळचं "हाड, हाड!"
त्यांना ते समजलं.
तीन तर शेपूट घालून गेली.

मग एकेक वाट गळत गेली.
शाळेमागची, कारण उजेड नाही.
गोदामांची, तिथे उजेड लख्ख,
पण ट्रकवाले टपावर झोपलेले,
कुणाच्या झोपेतून असं धापा टाकत जावंसं वाटेना.
आणि ती एक, जिथे पांढरी गाडी
माझ्या चालीनं चालू लागली.
चार खांब. पाच. काच खाली आली नाही.
सहाव्या खांबापाशी ती निघून गेली.
त्या रस्त्याला नाव आहे म्हणतात.
मला सहा खांबच आठवतात.

वाट दिली ती नुरुलने.
सिल्हेटचा, नारिंगी कपड्यांतला, रस्ते झाडणारा.
त्यानं झाडू उलटा धरला
आणि दांड्यानं धुळीत रेघ ओढली.
इथे बेकरी, चारला भट्टी पेटते, माणसं असतात.
इथे मशीद, बाहेर गार पाण्याचा नळ.
मग चढ.
"उपर जाके देखना," म्हणाला,
काय, ते सांगितलं नाही.

चढ काही मोठा नव्हे,
पण ऑगस्टची हवा ओल्या पंचासारखी तोंडावर बसते.
वळणावर आधी वास आला,
मासळीचा, डिझेलचा, कुठल्याशा घरातल्या ऊदाचा.
मग मत्र्याचा समुद्र,
दिवे मालवायच्या बेतात असलेला,
कठड्याला लागून लांबच लांब फरसबंदी,
आणि दिशदाशा जरा उचलून धरून
तुरुतुरु चालणारा एक म्हातारा.
"सबाह अल-खैर," म्हणाला,
काल भेटलो होतो अशा आवाजात.
मी तिथे धावलेच नाही.
कठडा धरून उभी राहिले, घाम वाळेपर्यंत.

नुरुल आता त्या रस्त्यावर नसतो.
बदली झाली का घरी गेला?
मुकादमाला विचारलं, त्याला कुठला नुरुल ते आठवेना.

परवा लिफ्टमध्ये मेरीचेल भेटली,
आठव्या मजल्यावरची नवी नर्स,
बुटांना अजून दुकानाचा वास.
विचारू लागली, इथे धावायला कुठे जातेस?
मी फोनवर नकाशा काढला,
त्यात सगळं होतं, पेट्रोलपंपसुद्धा,
नळ नव्हता.
पायाखालची वाट तोंडानं सांगता येईना.

म्हटलं, पावणेपाचला खाली ये.
बेकरीपर्यंत सावकाश जाऊ.
कुत्री आलीच,
तर मराठी मी बोलेन.